१७ सप्टेंबरच्या अलीकडे आणि पलीकडे

परंडा किंवा उमरगा तालुक्यातल्या एखाद्या गावात १९४० साली जन्मलेला, गाव कधीच न सोडलेला माणूस २०२३ पर्यंत जगला असेल, तर त्यानं किती राजवटी पाहिल्या ते मोजून बघावं. आठ वर्षांचा होईपर्यंत तो सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांचा प्रजाजन होता. मग सव्वा वर्ष मेजर जनरल जयंतो नाथ चौधरी यांचा लष्करी अंमल. १९५० पासून दिल्लीनं नेमलेलं मुलकी सरकार, १९५२ पासून निवडून आलेलं हैदराबाद राज्याचं सरकार, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्य आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र. मध्येच निजामाचा हाली रुपया गेला आणि भारताचा कलदार आला. फसली सन कागदावरून उतरला. कचेरीची उर्दू मराठी झाली. अव्वल तालुकदाराचा जिल्हाधिकारी झाला. १९८२ साली लातूर वेगळा जिल्हा होऊन निघून गेला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचा धाराशिव जिल्हा झाला. या सगळ्यात घर तेच, बांध तोच आणि शेजारही बहुतेक तोच.

जगात इतरत्र अशा आयुष्यांच्या महाकथा झाल्या. युंग चांग यांचं ‘वाइल्ड स्वॉन्स’ १९९१ साली आलं. त्यात आजी एका लष्करशहाच्या घरातली उपपत्नी, आई कम्युनिस्ट पक्षाची कार्यकर्ती आणि नात आधी रेड गार्ड, पुढं १९७८ मध्ये शिकायला ब्रिटनला गेलेली. तीन बायकांच्या आयुष्यातून एका अवाढव्य देशाचं शतक जगभरच्या वाचकांना कळलं. आपल्याकडचं तसं घर शोधायला चीनला जायची गरज नाही. ते भूम, कळंब, तुळजापूर, लोहारा असं कुठंही सापडेल. सापडत नाही ती त्याची सांगितलेली गोष्ट. मराठवाड्याचा मुक्तिलढा आपण दरवर्षी साजरा करतो, पण त्या उलथापालथीतून घरं कशी तगली, हे मात्र विचारत नाही.

मला इथं एकच मुद्दा मांडायचा आहे. राजवटी बदलतात तेव्हा घरं वाचतात ती जुन्या किंवा नव्या सत्तेवरच्या निष्ठेमुळं नाही. एक सत्ता संपली आणि दुसरी अजून रुजली नाही, अशा मधल्या दिवसांत शेजारी काय करतो, यावर ते ठरतं. धाराशिव जिल्ह्याला हे १९४८ साली एकदा नव्हे, दोनदा कळलं: निजाम शरण आला त्या १७ सप्टेंबरच्या अलीकडे एकदा आणि पलीकडे एकदा. आपण त्यातलं अर्धंच लक्षात ठेवलं. त्यामुळं उरलेलं अर्धंही आपल्याला नीट कळलेलं नाही.

आधी अलीकडचं. मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीनची स्थापना १९२७ ची. १९४६ मध्ये तिची सूत्रं कासिम रझवी या वकिलाच्या हाती गेली. हा माणूस लातूरचा, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातलाच. रझाकारांची संघटना त्यानं वाढवली आणि निजामाचं राज्य स्वतंत्र राहिलं पाहिजे, या हट्टाला लाठी-बंदूक दिली. त्याच जिल्ह्यात हिप्परग्याला १९२१ पासून राष्ट्रीय शाळा चालत होती. तिथं शिकवायला आलेले व्यंकटेश खेडगीकर पुढं स्वामी रामानंद तीर्थ झाले आणि हैदराबाद स्टेट काँग्रेसचे नेते ठरले. उमरगा तालुक्यातल्या गुंजोटीचे आर्यसमाजी तरुण वेदप्रकाश यांची हत्या १९३८ ची, म्हणजे रझाकारांचा जोर वाढण्याच्या कितीतरी आधीची. जुलूम एका रात्रीत उगवला नव्हता. स्टेट काँग्रेसवर १९३८ साली स्थापनेबरोबरच बंदी आली आणि ती १९४६ पर्यंत उठली नाही. मोकळी सभा नाही, मोकळं वर्तमानपत्र नाही, मातृभाषेत उच्च शिक्षण नाही, अशा राज्यात लोक किती वर्षं दबून होते, हे नीट समजून घेतल्याशिवाय पुढचं काहीच समजत नाही.

२९ नोव्हेंबर १९४७ ला निजाम आणि भारत सरकार यांच्यात जैसे थे करार झाला आणि पुढचे दहा महिने सीमेवरच्या गावांचे सगळ्यांत वाईट गेले. रझाकारांची पद्धत ठरलेली होती: गावागावांकडून दरमहा पैसा उकळायचा, जिथं विरोध होईल तिथं लूट, जाळपोळ आणि खून. धाराशिवच्या माणसाला यातून एक वाट होती आणि ती भूगोलानं दिली होती. बार्शी तालुका मुंबई प्रांतात होता. लातूरहून ढोकी, येडशीवरून बार्शीला जाणारी छोटी रेल्वे हीच सरहद्द ओलांडून जाई. सरहद्दीवर एरवी करोडगिरीचा नाका माल अडवी. त्या वर्षी त्याच सीमेवरून माणसं निघाली, गाड्या जुंपून, पायी, रात्रीची. बार्शी-सोलापूरच्या बाजूला त्यांच्या छावण्या पडल्या.

कोण जाऊ शकलं आणि कोण नाही, हा प्रश्न आपण फारसा विचारलेला नाही. ज्याचे सोयरे सोलापूर-पंढरपूरकडे होते, ज्याच्याकडे बैलजोडी होती, ज्याच्या गाठीला कलदार रुपये होते, तो गेला. ज्याचं पोट रोजच्या मजुरीवर होतं तो राहिला. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी याच जिल्ह्यात, कसबे तडवळे इथं, महार-मांग वतनदार परिषद भरली होती आणि तिला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले होते. गावाची सेवा हेच ज्यांचं वतन आणि तेच ज्यांचं बंधन, त्यांच्या प्रश्नांची ती परिषद होती. सात वर्षांनी गाव पेटलं तेव्हा त्या बंधनाचा एक अर्थ असाही झाला, की गाव सोडायची मोकळीक सगळ्यांना सारखी नव्हती. संकट सगळ्यांवर येतं हे खरं, पण निसटायची वाट ऐपतीप्रमाणं मिळते. म्हणून एखादं कुटुंब तगलं याचं श्रेय धैर्याला देण्याआधी त्याच्याकडे किती बैल होते, तेही विचारावं.

सीमेपलीकडच्या छावण्या नुसत्या निर्वासितांच्या नव्हत्या. तिथून सशस्त्र तुकड्या निजामी ठाण्यांवर, नाक्यांवर चालून जात. त्या वेळी जिल्ह्याचे कलेक्टर मोहम्मद हैदर हे तरुण अधिकारी होते. पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे सप्टेंबर १९४८ च्या भारतीय लष्करी कारवाईनंतर, त्यांना अटक झाली, खटले झाले. त्यांच्या आठवणींचं इंग्रजी पुस्तक २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. सरहद्दीवरचे हल्ले त्यांच्या खुर्चीवरून कसे दिसत होते, ते त्यात वाचायला मिळतं. आपल्या बाजूची हकीकत अनंत भालेराव यांनी १९८७ साली ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ या ग्रंथात सविस्तर मांडली आहे. दोन्ही शेजारी ठेवून वाचली, तर एकाला जे देशभक्तीचं कृत्य वाटतं ते दुसऱ्याच्या नोंदवहीत दरोडा म्हणून लिहिलेलं आढळतं. न्याय कुणाच्या बाजूला होता याबद्दल मला शंका नाही. लोकांना मताचा अधिकार न देणारं, धर्माच्या नावावर टोळ्या पोसणारं राज्य संपलं पाहिजे होतं. पण सीमेवरच्या गावात राहणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीनं रात्री एका बाजूचा हल्ला आणि दिवसा दुसऱ्या बाजूचा सूड, असाच तो काळ होता. मग त्याचा धर्म कोणताही असो.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य सोलापूरहून निघालं आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग ताब्यात आलं. १७ तारखेला निजामानं शरणागती जाहीर केली. पाच दिवसांत राज्य संपलं. आपला पाठ्यपुस्तकी इतिहास इथं थांबतो. ध्वजारोहण होतं, भाषणं होतात, हुतात्म्यांच्या स्मारकांना हार घातले जातात. हे सगळं योग्यच आहे. पण जिल्ह्याचा इतिहास त्या संध्याकाळी थांबला नव्हता.

पुढच्या आठवड्यांत जे झालं त्याची चौकशी करायला पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांचं सद्भावना मंडळ आलं. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात त्यांनी संस्थानातल्या १६ पैकी ९ जिल्ह्यांचा दौरा केला आणि जिथं ते गेले नाहीत अशा १०९ गावांतल्या पाचशेहून अधिक लोकांशी बोलून घेतलं. सगळ्या संस्थानात किमान २७,००० ते ४०,००० माणसं मारली गेली असावीत, असा त्यांचा अंदाज. सर्वाधिक झळ बसलेले चार जिल्हे त्यांनी सांगितले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. या चार जिल्ह्यांतच मृतांचा आकडा १८,००० हून कमी नाही, असं त्यांचं मत होतं. मेलेले बहुसंख्य मुसलमान. रझवीच्या लातुरात कच्छी मुसलमान व्यापाऱ्यांची मोठी पेठ होती. तिथं वीस दिवसांहून अधिक काळ कत्तल चालली. सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी मंडळाला जेमतेम तीन हजार दिसले. हजारावर मारले गेले होते, बाकीचे पळाले होते. काही ठिकाणी गणवेशातल्या माणसांचाही यात हात होता, असं मंडळानं नोंदवलं. सरकारनं तो अहवाल प्रसिद्ध केला नाही आणि सरदार पटेलांनी त्याचे निष्कर्ष मान्य केले नाहीत. सर्वसामान्य वाचकाच्या हाती तो पोहोचला तो २०१३ च्या सुमाराला.

ज्या रस्त्यानं उन्हाळ्यात हिंदू कुटुंबं पश्चिमेला बार्शीकडे गेली, त्याच रस्त्यानं ऑक्टोबरात ती परत येत होती. आणि त्याच जिल्ह्यातली मुसलमान कुटुंबं पूर्वेला हैदराबाद शहराकडे निघाली होती. एका वर्षात, एकाच तालुक्यात, दोन समाज एकामागोमाग निर्वासित झाले. आपल्याकडे पहिल्याच्या हालांना वीरकथेत जागा मिळाली. दुसऱ्याचे हाल घराच्या आतल्या खोलीत राहिले.

आता निष्ठेचं बघू. निजामाशी निष्ठा ठेवून मुसलमान वाचला का? ज्या विणकरानं, मोमिनानं, कुळानं रझाकारांचं तोंडही पाहिलं नव्हतं, तो केवळ नावामुळं मारला गेला. भारतावर निष्ठा ठेवून मुसलमान वाचला का? ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान विलीनीकरणाच्या बाजूनं लिहीत होते, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत रझाकारांनी त्यांचा खून केला. महसूल खात्यातले फरीद मिर्झा यांनी रझाकारांच्या अत्याचारांच्या निषेधार्थ नोकरी सोडली आणि सहा सहकाऱ्यांसह निजामाविरुद्ध जाहीर निवेदनावर सही केली. तेच गृहस्थ पोलीस ॲक्शननंतर मुसलमानांवर झालेल्या अत्याचारांचीही नोंद करत राहिले. दोन्ही बाजूंना नकोशा झालेल्या अशा माणसांची आठवण आपल्या १७ सप्टेंबरच्या भाषणांत क्वचितच निघते.

आणि सगळ्यात वर जो होता त्याचं काय झालं? खुद्द मीर उस्मान अली खान २६ जानेवारी १९५० पासून ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचे राजप्रमुख होते. त्यांना तनखा मिळाला आणि १९६७ साली ते आपल्या शहरात वारले. कासिम रझवी तुरुंगातून १९५७ मध्ये सुटून पाकिस्तानात गेला. राज्य गेलं, राजा राहिला. ज्यानं टोळ्या उभारल्या त्यालाही देश सोडून जायची सवलत मिळाली. किंमत मोजली ती लातूरच्या पेठेतल्या दुकानदारानं, कुठल्या तरी गावच्या तांबोळ्यानं आणि त्याआधी सीमेवरच्या गावातल्या पाटील-कुणब्यानं आणि महार-मांगानं. राजवटींचे हिशेब वर चुकते होतात, पण वसुली खाली होते. हे चीनमध्येही तसंच झालं आणि आपल्याकडेही.

मग वाचवलं कुणी? सुंदरलाल मंडळाच्या अहवालातला सर्वांत मोलाचा भाग मला मृतांच्या आकड्यांपेक्षा वेगळ्याच ठिकाणी दिसतो. हिंदूंनी आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना, बायकापोरांना, स्वतःचा जीव धोक्यात घालून वाचवल्याची अनेक उदाहरणं मंडळाला आढळली. त्यात एका धंद्याचा त्यांनी खास उल्लेख केला आहे, विणकरांचा. हिंदू विणकर मुसलमान विणकरांच्या बाजूनं हिंदूंच्याच विरोधात उभे राहिले आणि काही ठिकाणी त्यांना प्राणांची किंमत द्यावी लागली. विणकरच का? सूत घेणं, रंगवणं, माग चालवणं, लुगडं बाजाराला नेणं या साखळीत एकाचं पोट दुसऱ्याच्या हातात असतं. रोजच्या व्यवहारात जिथं माणूस माणसाला लागतो, तिथं त्याच्यावर हात उचलणं अवघड जातं, असा माझा अंदाज आहे. धर्मसहिष्णुतेच्या भाषणांनी जे साधत नाही, ते एका मागाच्या दोन टोकांना बसून साधतं.

पण इथं भाबडं होऊन चालणार नाही. शेजारी वाचवतो तसा लुटतोही. त्या आठवड्यांत झालेली लूट बाहेरून आलेल्या टोळ्यांनीच केली असं म्हणणं सोयीचं आहे. सोलापूरकडून संघटित, हत्यारबंद माणसं आली होती, असं अहवालही सांगतो. पण कुणाच्या घरात धान्याचं पेव कुठं आहे, कुणाची जमीन कुठल्या नंबरात आहे, हे बाहेरच्याला ठाऊक नसतं. गावातल्याच कुणीतरी दाखवल्याशिवाय ते होत नाही. म्हणजे वाचवणारा आणि दाखवणारा एकाच गल्लीत राहत होते. अभ्यासायचं आहे ते हे: एका गावानं दार उघडलं आणि पाच मैलांवरच्या दुसऱ्या गावानं ते लावून घेतलं, असं का झालं? यात पाटलाचा स्वभाव होता, कर्जाचे जुने हिशेब होते, जमिनीचा लोभ होता, उरूस-जत्रेतला एकत्र वावर होता आणि रझाकारांच्या काळात त्याच गावात कुणी कुणाला वाचवलं होतं याची ताजी आठवण होती. या शेवटच्या गोष्टीला मी सर्वाधिक वजन देतो. अलीकडचं आणि पलीकडचं वेगळं करता येत नाही, ते याच कारणानं.

जीव वाचल्यावर दुसरी लढाई कागदाची होती. १५ ऑगस्ट १९४९ ला जहागिरी रद्द झाल्या. १९५० मध्ये हैदराबादचा कूळकायदा आला आणि संरक्षित कुळं नोंदली गेली. मग १९५४-५५ चं खासरा पहाणी पत्रक झालं. आजही मराठवाड्यात जमिनीचा कोणताही जुना वाद निघाला, की वकील पहिल्यांदा हेच पत्रक मागतो. शेतात त्या वर्षी कुणाची वहिवाट होती, कब्जा कुणाचा होता, हे त्यात उतरलं. हा कायदा क्रांतिकारक होता आणि कसणाऱ्याला त्यानं उभं केलं, यात वाद नाही. पण सहा-सात वर्षांपूर्वी ज्यांना घाबरून गाव सोडावं लागलं होतं, ते त्या वर्षी शेतात उभे नव्हते. कागद खोटं बोलत नाही. पण जे घडलं ते सगळंही तो सांगत नाही. याच काळात सरकारी भाषा पालटली. उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून शिकलेला, वीस वर्षं पेशकारी केलेला माणूस नव्या कचेरीत जवळजवळ निरक्षर ठरला. उलट त्याच्या मराठी शेजाऱ्याला कचेरीतला अर्ज पहिल्यांदाच स्वतः वाचता येऊ लागला. एकाच निर्णयानं एकाला दार उघडलं आणि दुसऱ्याला बंद झालं. १९५६ ला तर सोयरिकीच कापल्या गेल्या. उमरग्याच्या घराचं बीदर, आळंद, बसवकल्याणकडचं नातं आता म्हैसूर राज्यात गेलं होतं.

आणि आता त्याच कागदांकडे सगळे परतले आहेत. मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली. निजामकालीन दस्त, मोडी आणि उर्दूतली बाडं, शाळांचे दाखले, महसुली नोंदवह्या धुंडाळल्या गेल्या. समिती हैदराबादलाही जाऊन आली. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयानं हैदराबाद गॅझेटियरला आधार मानलं. जी राजवट आठवायची ती फक्त शिव्या देण्यासाठी, असं आपण तीन पिढ्या ठरवलं होतं, तिच्याच दप्तरात आपल्या नातवंडांचं भवितव्य शोधायची वेळ आली. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. प्रत्येक राजवट जुलमाबरोबर नोंदीही मागं ठेवते आणि दोन्ही वारशानं येतात. माझी तक्रार एवढीच आहे, की दप्तरातून दाखला तेवढा काढायचा आणि शहाणपण तिथंच ठेवून यायचं, हे बरं नाही. कुणबी नोंदीसाठी जे बाड उघडलं जातं, त्याच्याच शेजारच्या बाडात १९४८ च्या आधी गावात कोण राहत होतं आणि नंतर कोण राहिलं नाही, तेही लिहिलेलं असणार.

चीनशी तुलना इथं उपयोगी पडते, आणि ती आपल्याला सुखावणारी नाही. तिथं पन्नासच्या दशकात प्रत्येक घराला वर्गाचा शिक्का लागला: जमीनदार, श्रीमंत शेतकरी, गरीब शेतकरी. तो शिक्का बापाकडून मुलाकडे जाई. जमीनदाराच्या नातवाचं शिक्षण, नोकरी, लग्न त्यावर अडे. ही शिक्षा उठायला १९७९ उजाडलं. १९६६ नंतरच्या सांस्कृतिक क्रांतीत घराण्यांच्या वंशावळी जाळल्या गेल्या. पत्रकार यांग जिशेंग यांचे पालक पिता १९५९ च्या दुष्काळात उपासमारीनं गेले. हे आपल्या घरावरचं एकट्याचं दुःख आहे, असंच यांग कित्येक वर्षं समजत होते. तसेच कोट्यवधी गेले, हे उमगल्यावर त्यांनी तो सगळा इतिहास जमवला आणि ‘मू-बेई’ म्हणजे ‘थडग्याचा दगड’ या नावानं २००८ मध्ये हाँगकाँगला छापला. ‘वाइल्ड स्वॉन्स’ काय आणि हे पुस्तक काय, त्यांच्या मायदेशात दोन्हींवर बंदी आहे.

आपल्याकडे बंदी नव्हती. एक सरकारी अहवाल बासनात राहिला, हे खरं. पण लिहायला, बोलायला, छापायला कुणी अडवलं नव्हतं. नरहर कुरुंदकरांसारख्या विचारवंतानं हैदराबादच्या प्रश्नाची निर्भीड चिकित्सा केली आणि मराठवाड्यानं ती डोक्यावर घेतली. तरीही घराघरातलं मौन सुटलं नाही. तिथं सत्तेनं तोंड दाबलं, इथं आपण आपलंच दाबून धरलं.

पहिल्या पिढीच्या मौनाला मी दोष देत नाही. ज्याच्या बांधाला बांध लागून आहे, ज्याच्याकडून पेरणीला बैल मागून आणायचे आहेत, त्याच्याशी रोज हिशेब मांडत बसता येत नाही. ‘झालं गेलं’ म्हणून त्यांनी पुन्हा पाणी एकाच विहिरीवर भरलं, दर्ग्याच्या उरुसाला आणि तुळजापूरच्या नवरात्राला गर्दी पूर्ववत केली. ते मौन हीसुद्धा जगण्याची एक युक्ती होती आणि ती फळली. दुसऱ्या पिढीला जिल्ह्याचा इतिहास शाळेतून मिळाला, तो १७ सप्टेंबरला संपणारा. तिची लढाई पाण्याची होती, १९७२ च्या दुष्काळाची होती. त्यातल्याच दलित घरांना १९७८ च्या मराठवाडा विद्यापीठ नामांतराच्या दंगलींत पुन्हा एकदा कळलं, की गाव कुणाचं असतं आणि कुणाचं नसतं. तिसऱ्या पिढीच्या वाट्याला मात्र नुसती पोकळी आली. आणि पोकळी कधी रिकामी राहत नाही. आज तिच्या मोबाइलवर दोन गोष्टी फिरतात. एकीत फक्त रझाकार असतात, दुसरीत फक्त पोलीस ॲक्शन. दोन्हींत सांगितलेलं बरंचसं घडलेलंही असतं. पण ज्याच्या हाती पहिली येते त्याला दुसरी दिसत नाही आणि दोन्हींतून एक गोष्ट हमखास गाळलेली असते, ती वाचवणाऱ्या शेजाऱ्याची.

यावर तीन आक्षेप येतील. पहिला, की यानं मुक्तिसंग्रामाचं मोल कमी होतं. मला उलट वाटतं. ज्या लढ्याचा हेतू न्याय्य होता, त्याला आपल्या विजयानंतर घडलेल्या गुन्ह्यांकडे बघायची भीती नसावी. रझाकारांचे अत्याचार संघटित होते, राज्याच्या छत्राखाली होते. नंतरची कत्तल हा सूड होता, असं म्हणून दोन्हींतला फरक सांगता येईल. पण सूड घेतला गेला तो बहुतेक वेळा भलत्यावरच, हे सांगितल्याशिवाय ते स्पष्टीकरण पुरं होत नाही. दुसरा आक्षेप असा, की खपली काढू नये. खपली धरली आहे असं खरोखर असतं, तर दर निवडणुकीला तीच जखम बोटानं दाबली गेली नसती. तिसरा आक्षेप आकड्यांचा. अहवालातले आकडे अंदाज आहेत, हे तो अहवालच सांगतो. कुणाला ते फुगवलेले वाटत असतील, तर उपाय गप्प बसण्यात नाही, गावनिहाय मोजणीत आहे. मोजायला नकार द्यायचा आणि वर आकडा खोटा म्हणायचं, ही सोयीची पळवाट झाली.

म्हणून काही साध्या कामांचा आग्रह धरतो. सुंदरलाल अहवालाची टीपा-प्रस्तावनेसह, तज्ज्ञांच्या मतभेदांसकट मराठी आवृत्ती निघावी आणि ती जिल्ह्याच्या प्रत्येक ग्रंथालयात असावी. भालेरावांचा ग्रंथ आणि हैदर यांच्या आठवणी महाविद्यालयात शेजारी ठेवून शिकवल्या जाव्यात. विद्यापीठाच्या धाराशिव उपकेंद्रात मोडी आणि जुन्या महसुली उर्दूचं वाचन शिकवणारा अभ्यासक्रम चालवावा. दाखल्यांची लाट ओसरली तरी बाडं राहणार आहेत आणि ती वाचणारी माणसं नसतील तर ती निव्वळ रद्दी आहेत. आणि प्रत्येक गावानं आपल्या १७ सप्टेंबरच्या कार्यक्रमात हुतात्म्यांच्या नावांबरोबर, त्या वर्षी ज्यांनी परधर्मीय शेजाऱ्याला घरात घेतलं त्यांचीही नावं, सप्टेंबरच्या आधीची आणि नंतरची, शोधून वाचावीत. त्यासाठी सरकारी परिपत्रक लागत नाही. ग्रामपंचायतीचा एक ठराव पुरे.

वेळ मात्र थोडा उरला आहे. १९४८ साली दहा वर्षांचं असलेलं मूल आज नव्वदीकडे झुकलं आहे. कुणी लपवलं, कुणी दाखवलं, कोण परत आलं आणि कोण आलंच नाही, हे डोळ्यांनी पाहिलेली शेवटची माणसं याच जिल्ह्यात ओसरीवर बसून आहेत. हिंदू घरातही आहेत आणि मुसलमान घरातही. वाचकहो, त्यातलं एखादं माणूस तुमच्या घरात किंवा शेजारी असेल, तर आधी आपल्या नव्हे, दुसऱ्या समाजाच्या माणसाकडे जा आणि विचारा. त्यांनी सांगितलेलं तारीख-गावासकट लिहून ठेवा. मुक्तिसंग्रामाचं अमृतमहोत्सवी वर्ष समारंभांत सरलं. हे काम समारंभांनी होणारं नव्हतंच, ते तुमच्या-माझ्यासारख्यांनीच करायचं आहे.